गुरुवारच्या बायका

फिजीतल्या लंबासाच्या बाजारात दालोचे कंद विकणाऱ्या बायका पुष्कळ, पण नुसत्या आवाजावरून ओळखू यावी अशी एकच, आलुमिता. तिचं गाव नदीच्या मुखाशी. सकाळच्या पहिल्या बसने ती दालोच्या जुड्या घेऊन यायची आणि दाराशीच बसायची. आम्हा हिंदी बोलणाऱ्या बायकांनी तिच्या नावाचं 'आलू' करून टाकलं होतं. "बघा, आलू बसलीय दालो विकायला!" असं कुणी म्हटलं की ती अंगभर हसायची. "आलू म्हणा नाहीतर वांगं म्हणा," म्हणायची, "पिशवी रिकामी नेऊ नका म्हणजे झालं."

बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं शिवणकामाचं दुकान आहे. चर्चला घालायचे तिचे झगे मीच शिवायची. एका वर्षी ती बरेच महिने दिसली नाही. परत आली तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेला, गाल आत गेलेले. नव्या झग्याचं कापड माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "सुभाग दीदी, समोरून सैल ठेव." एवढंच. माप घेताना मला सगळं कळलं, पण मी फीत गुंडाळून ठेवली. अशा गोष्टी आमच्याकडे कुणी तोंडाने बोलत नसे.

तिचं काय झालं होतं ते तिनेच मला पुढे सांगितलं. आंघोळीच्या वेळी डाव्या बाजूला गाठ लागली. गावातली एक मावशी पाला वाटून चोळून द्यायची, ते काही दिवस केलं. गाठ वाढतच गेली. शेवटी एका सकाळी तिचा नवरा आपिसाई काही न बोलता उसाच्या ट्रकात तिला बसवून इस्पितळात घेऊन आला. ऑपरेशन झालं, डावा स्तन काढून टाकला. पुढच्या औषधांसाठी बोटीने राजधानीला, सुवाला जावं लागायचं, तिथे ती भाचीकडे राहायची.

"गावाने काही कमी केलं नाही गं," ती म्हणायची. "मासे आणून दिले, नव्या चटया दिल्या, प्रार्थना केल्या. पण सगळे माझ्या कपाळाकडे बघून बोलायचे. जसं काही मानेखाली मला अंगच नाही."

तिला ज्याची गरज होती ते मिळालं सुवाला. केमोसाठी बाकावर बसली असताना शेजारी रोटुमा बेटावरची एक म्हातारी होती. आलुमिता हुंदके देत होती, ते बघून म्हातारी उठली आणि हाताला धरून तिला बाथरूममध्ये घेऊन गेली. कडी लावली आणि सरळ स्वतःच्या ब्लाउजची बटणं काढली. "बघ," म्हणाली. "नीट बघ. हात लाव. नाही दुखत आता. मी याच अंगाने नातवंडं खेळवली, याच अंगाने होडी वल्हवते." आलुमिताने भीत भीत हात लावला. तिथे भयंकर असं काही नव्हतं. सपाट कातडी, त्यावर एक पुसट रेघ आणि खाली धडधडणारं काळीज. "तेव्हा माझ्या लक्षात आलं," ती मला म्हणाली, "की मी इतके दिवस मरणाला नाही, स्वतःला घाबरत होते."

उपचार संपवून ती गावी आली आणि आठवड्याभरात आमच्या इस्पितळातल्या मेरेओनी सिस्टरसमोर जाऊन उभी राहिली. म्हणाली, "असं ऑपरेशन झालेली कुणी बाई घाबरून पडली असेल, तर तिला विचारा, आलुमिता आली तर चालेल का. हो म्हणाली तर मला निरोप द्या. औषधातलं मला काही कळत नाही. मी नुसती बसेन." सिस्टरने तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून तिला बसवून घेतलं. काय बोलायचं, काय डॉक्टरांवर सोडायचं, हाताचा व्यायाम कसा करून घ्यायचा, ते सगळं सिस्टरनेच तिला शिकवलं.

काही वर्षांनी पाळी माझ्यावर आली.

माझी गाठ उजवीकडे होती. ज्या हाताने कात्री धरायची, मशीनचं चाक फिरवायचं, तोच हात ऑपरेशननंतर खांद्यापासून जखडला. घरी आले आणि मागच्या खोलीत पडून राहिले. सासूबाईंनी शेजारीपाजारी सांगून टाकलं, पोटाचं ऑपरेशन झालंय. त्यांचाही दोष नाही, त्यांना सांगायला दुसरा शब्दच सापडेना. माझा नवरा रामसमुझ रोज सकाळी दुकान उघडायचा, मशीनवरची धूळ पुसायचा आणि कुलूप लावून परत यायचा. आलुमिता आली तर चालेल का, असं सिस्टरने मला इस्पितळातच विचारलं होतं, आणि सिस्टर लवकर जावी म्हणून मी नुसती होकाराची मान हलवली होती.

एका दुपारी मागच्या दारातून आवाज आला, "कोण गेलं इथे? खिडक्या का लावून घेतल्यात?"

सासूबाई धावत गेल्या. "कुणी नाही गं बाई. सुनेला बरं नाही. पोटाचं ऑपरेशन झालंय."

"हो का माई?" आलुमिता म्हणाली. "माझंही त्याच पोटाचं झालं होतं."

आलुमिताने दालोची जुडी सासूबाईंच्या हातात दिली, माझ्या खोलीत आली, दार लावलं आणि खाली चटईवर बसली. मग तिने विचारलं, "बघणार?"

मी हो म्हणाले की नाही ते मला आठवत नाही. तिने झगा खांद्यावरून उतरवला. म्हणाली, "तू शिवणारी बाई. सांग, टाका कसा घातलाय?"

मी पाहिलं. आधी चोरून, मग नीट. "बरा आहे," मी म्हणाले. "शेवटाकडे जरा चुण्या पडल्यात."

"बघ! मला डॉक्टर म्हणाले एकदम सुरेख झालंय. आणि तू पहिल्याच नजरेत चूक काढलीस!"

मला हसू फुटलं आणि हसता हसता रडू कोसळलं. ऑपरेशनपासून अडून राहिलेलं सगळं त्या दिवशी वाहून गेलं. ती मला 'रडू नकोस' म्हणाली नाही, 'देव सगळं ठीक करील' असंही म्हणाली नाही. पाठीवर हात ठेवून बसून राहिली, आणि मी थांबले तेव्हा म्हणाली, "आता भूक लागेल बघ." खरंच लागली.

पुढे ती येतच राहिली. सिस्टरने सांगितलेले हाताचे व्यायाम मला जमत नव्हते, कंटाळाही यायचा. आलुमिताने अंगणात कमरेइतक्या उंचीवर दोरी बांधली आणि घरातले ओले कपडे माझ्यापुढे आणून टाकले. "व्यायाम राहू दे. धुणं तर वाळत घालशील?" दर खेपेला ती दोरी बोटभर वर सरकवायची. मी कुरकुरले की म्हणायची, "शिव्या दे, पण हात वर करून दे." नंतर नंतर तर मी झोपले असताना सासूबाईच हळूच दोरी वर बांधून ठेवायला लागल्या. ज्या दिवशी माझा हात डोक्याच्या वर गेला, त्या दिवशी त्यांनी शेजारणीला हाक मारून दाखवलं आणि कशाचं ऑपरेशन होतं तेही सांगून टाकलं.

मी पुन्हा मशीनवर बसले तेव्हा आलुमिताने माझ्याकडे पहिलं काम आणलं ते स्वतःचंच. ती झग्याच्या आत मोजे कोंबून वेळ भागवायची. ते वर सरकायचे, मग एक बाजू गळ्याशी यायची. मी मऊ सुती कापडाची गोल पिशवी शिवली, कापूस भरला आणि वजन यावं म्हणून आत मूग घातले. इतकी छान बसली की तिने आरशापुढे दोन गिरक्या घेतल्या. पण ते होते पावसाचे दिवस. बसमधून उतरताना ती भिजली, दिवसभर बाजारात घामाने निथळली, दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली, दार लोटलं आणि ती पिशवी मशीनवर ठेवली. शिवणीतून पांढरे मोड डोकावत होते.

"दीदी," ती गंभीरपणे म्हणाली, "डॉक्टर म्हणाले होते परत काही उगवणार नाही. आता त्यांना काय सांगू?"

आम्ही दोघी जमिनीवर बसून पोट धरून हसलो. रामसमुझ बाहेरून विचारत होता, काय झालं, काय झालं. मुगाच्या जागी मग मी काचेचे मणी घातले. अशा पिशव्या मी आजपर्यंत किती शिवल्या असतील देव जाणे.

त्या पिशव्यांसाठी आणखी बायका येऊ लागल्या. माप देऊन लगेच कुणी उठेना. म्हणून गुरुवारी दुपारी दुकान बंद ठेवायचं, मागच्या खोलीत चटई टाकायची आणि लिंबाच्या पानांचा चहा करायचा, असं ठरून गेलं. हिंदू, मुसलमान, चर्चला जाणाऱ्या, सगळ्या एका चटईवर. कुणाला हाताच्या सुजेचं विचारायचं असे, कुणाला नवऱ्याजवळ कसं जायचं ते. औषधाचा प्रश्न निघाला की आलुमिता बोट वर करून म्हणायची, "तो सिस्टरचा, चटईवर नको." बाकी सगळं चटईवर चालायचं.

त्यातच तोरिका आली. शाळेत शिकवायची. आमच्यातली सगळ्यात लहान आणि सगळ्यात वात्रट. कुणाचीही नक्कल करायची, आलुमिताची तर तिच्या तोंडावर करायची. आलुमिताने तिला लेकीसारखं धरलं होतं. बोटीने सुवाला तिच्यासोबत जायची, उलट्या झाल्या की पातेलं धरून बसायची. उपचार झाले, केस परत आले, आणि मग वर्षाभराने दुखणं हाडांत उतरलं. उसाच्या हंगामात तोरिका गेली.

मातीला आलुमिता उभी होती. त्यानंतर मात्र ती बाजारात आली नाही. गुरुवार आले आणि गेले. मी निरोप पाठवला, उत्तर नाही. शेवटी आपिसाई दुकानात आला आणि टोपी हातात फिरवत म्हणाला, "दीदी, ती चुलीपुढे बसून असते. माझ्याशीही बोलत नाही."

आम्ही जायचं ठरवलं. बस भरून बायका निघालो. स्टँडवर तोरिकाची आई लोसालिनी उभी दिसली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, कारण बोलावायचा धीरच झाला नव्हता. ती आमच्याबरोबर चढली आणि खिडकीशी बसली.

गावात शिरताना इथल्या रिवाजाप्रमाणे यांगोना या पेयाच्या मुळ्यांची मोळी पुढे ठेवून दोन शब्द बोलावे लागतात. ते काम माझ्या गळ्यात पडलं. माझं फिजियन बाजारातलं, भाव करण्यापुरतं. 'आम्ही नम्रपणे आलो आहोत' म्हणायच्या ठिकाणी मी असं काही बोलले की आपिसाईने हसू दाबत रिवाजाच्या टाळ्या वाजवून मोळी घेतली. आतून आलुमिताचा आवाज आला, "ही बाई आमच्या भाषेचा जीव घेणार!" कितीतरी दिवसांनी ती बोलली होती.

आम्ही आत गेलो. ती उठली नाही. म्हणाली, "कशाला आलात? मी आता नाही यायची. मी बायकांच्या खाटेशी बसून सांगते, बघा, मी जगले. आणि ती पोर गेली. मी कोणत्या तोंडाने सांगू?"

मग लोसालिनी पुढे झाली आणि तिच्यासमोर बसली.

"तू तिला बरं करायला येत होतीस का?" तिने विचारलं.

आलुमिताने नाही अशी मान हलवली.

"मग? बरं करणं डॉक्टरांचं काम होतं, त्यांनी केलं तेवढं केलं. तू बसायला येत होतीस. मी आई, पण माझ्यापुढे ती हसतमुख राहायची, मला त्रास होऊ नये म्हणून. रडायची ती तुझ्यापाशी. घरी येऊन गाढ झोपायची. ती झोप तिला तू दिलीस. मी ते तुला सांगायला आलेय, आणि तू चुलीपुढे तोंड फिरवून बसलीस."

आलुमिताने लोसालिनीच्या मांडीवर डोकं ठेवलं. आम्ही नुसत्या बसून राहिलो. तिनेच शिकवलेलं होतं. खूप वेळाने मी म्हणाले, "आता भूक लागेल बघ," आणि ती ओल्या डोळ्यांनी माझ्यावर खेकसली, "माझीच वाक्यं मला विकू नकोस!" मग उठून तिने दालो उकडायला ठेवला, आणि बस चुकेपर्यंत आम्हाला सोडलं नाही.

पुढच्या गुरुवारी ती आली नाही, त्याच्या पुढच्याही. मग एका गुरुवारी आली, आणि तिच्याबरोबर लोसालिनीही. लोसालिनी आजही येते, चहाचं सगळं तीच बघते.

आता आलुमिताचं वय झालंय. उन्हात हात सुजतो म्हणून जुड्या आपिसाई उचलतो आणि ती फक्त ओरडते. माझा हात चालतो, दुकान चालतं, घरात मोकळेपणाने बोलणं होतं, यात मोठा वाटा डॉक्टरांचा आहे हे मी जाणते. पण माझ्या खोलीची खिडकी पहिल्यांदा उघडली ती या बाईने. तिचे उपकार मी मोजत नाही, मोजून होणारही नाहीत.

गेल्या महिन्यात तिला ताप होता आणि सिस्टरचा निरोप आला. तिच्याऐवजी मी एकटी गेले. खाटेवर नूरबानू नावाची बाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी स्टुलावर बसले. ठरवून गेलेलं सगळं विसरले. परत येताना मी आलुमिताच्या गावची बस पकडली.

"काय म्हणाली?" तिने अंथरुणातूनच विचारलं.

"काही नाही. रडली. मग मीही रडले. शेवटी तिने माझा हात धरून ठेवला, सोडेचना."

"परत ये म्हणाली?"

"उद्याच ये म्हणाली."

"मग उद्या जा," आलुमिता म्हणाली, आणि पांघरूण ओढून निवांत झोपली.