अजून कुणाचीच नसलेली लेन्स

दुपारचं जेवण अंगावर आलं आहे. एकनाथराव खैरनार व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत रेलले आहेत आणि त्यांच्या मांडीवर दामू निकमचा कॅमेरा आहे. कॅमेऱ्याला पुढे ती नवी टेलिफोटो लेन्स लावलेली, दुधाच्या भरल्या किटलीसारखी जड. पापण्या मिटायला लागल्या आहेत, पण झोप अजून आत आलेली नाही. ती उंबऱ्याबाहेर चपला काढत उभी आहे.

लेन्स मागवली होती दामूने. गावात त्याचा फोटो स्टुडिओ. त्याचा सगळा जन्म लग्नांचे आणि पासपोर्टचे फोटो काढण्यात गेला, तसा एकनाथरावांचा वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात. दोघं मोकळे झाले की नांदूर मध्यमेश्वरला जायचं, पाण्यावर उतरणाऱ्या पक्ष्यांचे फोटो दामूने काढायचे आणि पुस्तकात बघून नावं एकनाथरावांनी सांगायची, असं ठरलेलं होतं. लेन्स आली ती दामूचं तेरावं होऊन गेल्यावर. त्याच्या बायकोने, वत्सलावहिनींनी, ती कॅमेऱ्यासकट इथे आणून दिली. "तुमच्या दोघांचं ठरलं होतं भावजी, आता तुम्ही वापरा. नाहीतर दुकानदार परत घ्यायला तयार आहे."

एकनाथरावांनी काय केलं, तर लेन्सबरोबरच्या माहितीपुस्तिकेला खाकी कव्हर घातलं आणि ती पहिल्या पानापासून वाचून काढली. मग पुन्हा वाचली. अंगणातल्या शेवग्यावर बुलबुल यायचा, हे कॅमेरा डोळ्याला लावायचे, आणि आत नुसतं आभाळ. त्या आभाळात बुलबुल शोधेपर्यंत बुलबुल कुठला थांबतोय! काल त्यांनी वहिनींना सांगून टाकलं, माझ्याच्याने होत नाही, परत करू. दुकानाचा माणूस आज संध्याकाळी येणार आहे. खोकं भरून ठेवायचं आहे. भरू. जरा पाठ टेकली की...

"काय ग्रंथपाल, आज वाचनालय बंद का?"

दामू काउंटरला कोपर टेकून उभा आहे. म्हणजे हे वाचनालयच. फक्त कपाटांच्या काचांमागे पुस्तकं नाहीत, पक्षी आहेत. फळीफळीवर दाटीवाटीने, पाठी वळवून बसलेत. एकनाथरावांना त्याचं नवल वाटत नाही. दामूच्या खिशातून काच पुसायचं पिवळं फडकं डोकावतंय, त्याचं मात्र बरं वाटतं.

"दामू, तू तर गेलास."

"गेलो. सगळ्या गावाला माहीत आहे. तू कुठं अडकलास ते सांग."

"मी? मी इथंच आहे."

"तेच म्हणतोय मी."

एकनाथराव कॅमेरा दोन्ही हातांनी पुढे करतात. "ही तुझी लेन्स. आज परत जातेय. रागावू नकोस, माझा हातच बसत नाही."

"माझी कशी? मी एकदाही डोळ्याला लावली नाही. ती अजून कुणाचीच नाही." दामू त्यांच्या हातांकडे बघतो आणि हसू लागतो. "आणि धरलीस कशी? सत्यनारायणाचा प्रसाद वाटतोयस काय?"

तो कपाटांच्या मधून चालू लागतो. एकनाथराव मागोमाग. शेवटचं कपाट वळलं की स्टुडिओ. तेच फिरतं स्टूल, तीच दिव्यावरची पांढरी छत्री, आणि भिंतीवर तो रंगवलेला पडदा: निळं तळं, कमळं आणि मान जरा जास्तच लांब झालेला हंस. गावातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी त्या हंसाशेजारी बसून फोटो काढलाय. एकनाथराव सवयीने स्टुलावर बसून हनुवटी खाली घेतात.

"ऊठ रे. आज तू काढायचास."

दामू त्यांच्या मागे येऊन उभा राहतो. "डावा तळवा खालून घे. सगळं वजन त्याच्यावर. तान्ह्या पोराची मान सावरतोस तसं. कोपर बरगडीला लाव. झूम आधी मागे ठेव, सगळं तळं दिसू दे. पक्षी सापडला की मग जवळ जा."

त्याचा हात यांच्या हाताखाली येतो. थंड नाही. आत्ताच चहाचा कप खाली ठेवल्यासारखा ऊबदार आहे.

"आता तुझी मोठी चूक सांगतो. पक्षी दिसला की तू मान खाली घालून बटणं बघतोस. मग वर बघतोस, तर तो नाही. डोळा पक्ष्यावरून हलवायचाच नाही, कॅमेरा डोळ्यापर्यंत आणायचा."

"पुस्तिकेत हे नव्हतं."

"पुस्तिका लिहिणाऱ्याने तुला कुठं पाहिलंय?"

पडद्याची खालची कड ओली झाली आहे. तळं लादीवर उतरतं, पावलांना गार लागतं. एकनाथराव वर बघतात तर भिंती नाहीत. नांदूरचं पाणी पसरलंय, कोवळं ऊन त्यावर लोळतंय, लांबवर चमचा पक्ष्यांचा थवा पसरट चोची पाण्यात फिरवत निघालाय. स्टुडिओतली छत्री तेवढी पाण्यात उभी आहे. तिच्या दांडीवर खंड्या येऊन बसतो.

"दामू! खंड्या!"

"नाव नंतर. आधी त्याला बघ."

एकनाथराव बघतात. डोळा न हलवता कॅमेरा वर आणतात, आणि आत आभाळ नाही. आत खंड्या आहे. ते झूम फिरवतात. तो जवळ येतो, आणखी जवळ, पांढरा गळा, लाल चोच, वाऱ्याने उलटलेलं डोक्यावरचं एक पीस. एकनाथरावांचं बोट खटक्यावर जाऊन थांबतं.

"थांब हं. शटर किती ठेवू? आणि ते हात थरथरला तरी फोटो सावरण्याचं बटण चालू की बंद? पान कुठलं ते..."

"नाथा, आज भाजी कसली होती?"

"गवारी..."

खट्.

दामू फोटो काढताना कधीही एक, दोन, तीन म्हणायचा नाही. आकडे मोजले की माणसाचा पुतळा होतो, म्हणायचा. समोरच्याला भलतंच काही विचारायचं, आणि त्याने उत्तराला तोंड उघडलं की खटका दाबायचा, ही त्याची रीत. कॅमेऱ्यामागच्या माणसावर ती त्याने आज पहिल्यांदा चालवली आहे.

खंड्या पाण्यावरून निळा निळा निघून जातो.

"आला का रे?" एकनाथराव विचारतात.

"हललाय."

"बघ. मी म्हणत होतो..."

"काय म्हणत होतास? पहिला सगळ्यांचाच हलतो. मी काढलेल्या पहिल्या लग्नाच्या फोटोत नवरदेवाला डोकंच नव्हतं. मुलीच्या बापाने मला जेवू घातलं नाही."

"आणि दुसऱ्या लग्नात?"

"दुसऱ्यात डोकं होतं. डोळे मिटलेले होते, पण डोकं होतं."

एकनाथरावांना हसू आवरत नाही. हसता हसता ते म्हणतात, "तू चल ना उद्या. मी आपला पुस्तक धरून बसतो."

दामू पाण्याकडे बघत राहतो. मग फडक्याने लेन्सची काच पुसतो, हळू, मधून कडेकडे. "मला ही सकाळ बघायची होती रे. किती वर्षं नुसतं बोलत राहिलो आपण. आता दोघांपैकी एकाने तरी बघून यावं."

तो लाल दिवा लावतो. पाणी काळोखं होतं. आता ते डार्करूममध्ये आहेत, ट्रेमध्ये पांढरा कागद तरंगतोय आणि त्यावर काहीतरी उमटू लागलंय. बाहेर कुणीतरी घंटा वाजवतं.

"दार उघडू नकोस, उजेड येईल," दामू म्हणतो. घंटा वाजतच राहते. "बरं, उघड. तुझ्याकडेच कुणी आलंय."

फोन वाजतोय. व्हरांड्यात ऊन तिरपं झालं आहे. एकनाथराव उजव्या हाताने फोन उचलतात.

"भावजी, झोपला होतात का?" वत्सलावहिनी. "दुकानाचा माणूस निघतोय म्हणे. खोकं भरलंय ना?"

एकनाथरावांचा डावा हात लेन्सखाली आहे. ते तो बाहेर काढतात. तळवा लाल झालाय, आणि लेन्सच्या कड्यावरच्या बारीक खाचा त्यावर एकीला एक लागून उमटल्या आहेत, पार बोटांच्या पेरांपर्यंत. झोप लागताना हा हात खुर्चीच्या हातावर होता, हे त्यांना नक्की आठवतं. नक्की म्हणजे, बहुतेक.

"भावजी? ऐकताय ना?"

"वहिनी, त्याला येऊ नको म्हणून सांगा."

"म्हणजे?"

"उद्या पहाटे मी नांदूरला जातोय. फोटो हललेले येतील, हे आधीच सांगून ठेवतो."

 पलीकडे वहिनी नाक ओढतात. "हे म्हणायचे, खैरनारांना शिंक आली तरी आधी पुस्तकात बघतील."

"म्हणायचा खरा."

"गाडीत जागा आहे का? मीही येते. पाण्यावर नक्की काय होतं तरी काय, ते मला एकदा बघायचंय."

"या की. नक्की या."

फोन ठेवून एकनाथराव पुन्हा तळव्याकडे बघतात. कडेच्या रेषा आत्ताच फिकट व्हायला लागल्या आहेत. ते उठतात, उजव्या हाताने कॅमेरा गळ्यात अडकवतात आणि अंगणात उतरतात. डावी मूठ मात्र ते मिटत नाहीत.