शेवंताअक्कांचा ब्रेक

चार म्हातारे एका बाकावर बसवा, किस्से आपोआप साचतात. कॉलेज सोडून मी आमच्या दूध सोसायटीत कॅन उचलायला लागलो, तेव्हाचे हे. त्या दुष्काळात विहिरी आटल्या, दूध आटलं, डायरेक्टरांचे सल्ले तेवढे आटले नाहीत.

सोसायटीची जीप शेवंताअक्का चालवायच्या. ड्रायव्हर नवरा वारला, तेव्हा त्यांनी स्वतः लायसन्स काढलं. दोन पोरींची शाळा त्या पगारावर. मग छातीत गाठ निघाली. सोलापुरात ऑपरेशन झालं, गाठ साधी होती. परत येऊन बघतात, तर जीपची चावी चेअरमनच्या भाच्याकडं.

"टाके निघू देत, मग ठरवू," चेअरमन म्हणाले.

*

अक्कांची चावी काढायच्या ठरावात ऑपरेशन कशाचं लिहायचं? सेक्रेटरीनं विचारलं, तर पाचही डायरेक्टर वरच्या पत्र्याकडं बघायला लागले. शेवटी लिहिलं, 'हाताचे ऑपरेशन'.

पुढच्या मीटिंगला चेअरमनना तेच खरं वाटायला लागलेलं. "हात दाखव बघू."

अक्कांनी दोन्ही हात पुढं केले. साधा ओरखडा नाही.

"मग चावी द्या की."

*

एक डायरेक्टर म्हणाले, "बाईमाणसानं सहा महिने स्टेअरिंगला शिवू नये."

मी विचारलं, "काका, हर्नियाच्या ऑपरेशनानंतर तुम्ही फटफटी कधी काढली?"

"आठव्या दिवशी. मला कामं होती."

नवव्या दिवशी टाके उसवले, हे काकूंनी सांगितलं.

*

अक्कांनी मात्र घाई केली नाही. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बजावलं होतं, तारीख विचारू नका. टाके निघाले, गुंगीच्या गोळ्या बंद झाल्या, स्टेअरिंग पुरतं वळलं आणि ब्रेक एकदम दाबूनही कळ आली नाही, तर चालवा.

अक्का रोज उभ्या जीपमध्ये बसून स्टेअरिंग फिरवायच्या. "आज डावीकडं दुखलं," म्हणून उतरायच्या.

डायरेक्टरांच्या बाकावरून आवाज यायचा, "आज कुठवर गेलतीस गं, पार भूमला का?"

असे कैक दिवस गेले. एक दिवस त्या 'दुखलं' न म्हणता उतरल्या आणि सरळ चावी मागितली.

*

"आधी मी शेजारी बसून बघणार," चेअरमन म्हणाले. मागं कॅनांसोबत मी.

बेंबळीच्या रस्त्याला लागलो. पुढं-मागं चिटपाखरू नाही.

"दांडी धरा, चेअरमन."

"मला शिकवतीस व्हय?"

अक्कांनी आरशात मागं बघितलं आणि कचकन ब्रेक मारला. कॅन माझ्या अंगावर आले. चेअरमनची टोपी डॅशबोर्डवर, नाक काचेवर.

अक्कांनी एक हात छातीवर ठेवला, लांब श्वास घेतला.

"मला न्हाय दुखलं," त्या म्हणाल्या. "तुमाला?"