काचेतलं तण

आमच्या घरात मासे आले ते नवऱ्याच्या हौसेनं, आणि राहिले माझ्या डोक्याला ताप म्हणून. ही नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. नवरा बियाण्याच्या कंपनीत, सदा फिरतीवर. एकदा औरंगाबादहून येताना काचेची टाकी एसटीत मांडीवर धरून आणली, सोबत पिशवीत मासे आणि लाल-हिरवी प्लॅस्टिकची झाडं. जुन्या जालन्यातल्या आमच्या दोन खोल्यांत, खिडकीसमोरच्या टेबलावर टाकी मांडली आणि दुसऱ्या दिवशी साहेब परत दौऱ्यावर! महिन्याभरात काच हिरवी, दगड हिरवे, प्लॅस्टिकच्या पानांवर शेवाळाची दाढी. मासे दिसेनात. जो तो म्हणे, पाणी बदला. अरे, कुठलं पाणी? आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही आलं तर. शेजारीण दारात उभी राहून म्हणायची, "तुमच्या माशांची चैन आहे बाई!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

त्यात सासरे आले. सासूबाई गेल्यापासून ते आष्टीच्या घरात एकटेच होते. एक दिवस चक्कर येऊन अंगणात पडले, म्हणून नवऱ्यानं त्यांना डॉक्टरांना दाखवून आमच्याकडे आणलं. "आता इथंच राहावं लागेल," असं बजावलं आणि आठ दिवसांनी पुन्हा दौऱ्यावर निघून गेला. राहिलो मी आणि मामा. सासऱ्यांना मी मामा म्हणायची.

मामांना एका जागी बसणं ठाऊक नव्हतं. पहाटे उठून दाराची कडी काढायचे, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन यायचे, कडी लावायचे, पुन्हा काढायचे. आष्टीला जायला परतूरची गाडी किती वाजता, हे दिवसातून दोनदा विचारायचे. मीही काही शांत बाई नव्हे. भाजी चिरता चिरता कपडे भिजवायला उठायचं, कपडे तसेच टाकून केर काढायला, असं माझं. दोन खोल्यांत दोन भुईचक्रं फिरत असल्यासारखं चालायचं. ते म्हणायचे, "मला जाऊ दे माय, वावर वाट बघून राह्यलंय." वावर तर वाट्यानं दिलेलं होतं. मी म्हणायची, "जा ना, कोणी धरलंय?" आणि म्हटल्यावर दिवसभर जीव खालीवर व्हायचा. खरंच गेले तर?

एका दुपारी ते टाकीसमोर उभे राहिले. बराच वेळ उभे. मग खो खो हसत सुटले. "पीक खोटं आन् तण खरं! असलं वावर न्हाई पाह्यलं बाप्पा."

"हसायला काय झालं? घासून घासून हात दुखले माझे."

"घासून काय व्हतं? पीक दाट असलं की तण आपसूक दबतं. वाफा मोकळा ठेवला की तणाचंच राज. यात खरं पीक पेर की."

तेव्हा मला ते वेड्यासारखं वाटलं. पण मामा चौथ्या दिवशी आष्टीला जाऊन आले. मी दिवसभर दाराकडे बघत होते, हे त्यांना सांगितलं नाही. संध्याकाळी परतले तेव्हा ओल्या गोणपाटात विहिरीतलं पाणगवत होतं, लांब पात्यांचं, आणि एका डब्यात काळी माती. प्लॅस्टिकची झाडं त्यांनी उकिरड्यावर फेकली. खाली माती, वर धुतलेली वाळू, त्यात एकेक पातं बोटानं दाबून लावलं. मासे त्या वेळी माझ्या पिठल्याच्या पातेल्यात. मी म्हटलं, "आता जेवायचं कशात?" ते म्हणाले, "आज भाकरी आन् ठेचा खा. बिघडत न्हाई."

तेव्हापासून मामांची कडी वाजायची थांबली. उठले की टाकीशी. जुन्या टूथब्रशानं काच खरवडायचे, सडलेली पाती खुडायचे, मला हाक मारून नवा फुटवा दाखवायचे. "खुरपायला बसतो," म्हणायचे. नवऱ्याचा फोन समोरच्या दुकानात आला की मी सांगायची, "मामा कामात आहेत." खरं सांगते, घराला घरपण आल्यासारखं वाटलं मला.

आणि मग गवताची पाती पिवळी पडायला लागली. शेतकऱ्याचा हात, तो गप बसतोय होय! मी बाजारात गेलेली बघून मामांनी कुठूनशी युरियाची चिमूट आणून टाकीत सोडली. पिवळ्या पिकाला युरिया, सरळ हिशेब. दोन दिवसांत पाणी पालकाच्या सारासारखं झालं. मासे वर येऊन तोंडं वासायला लागले. दोन मेले.

माझा तोल सुटला. "हे काय कपाशीचं वावर आहे का? कळत नाही तर हात कशाला लावायचा? सगळं नासवून ठेवलं!" शेजारीण खिडकीत आली, इतका माझा आवाज. मामांनी टोपी घातली, उंबऱ्यावर जाऊन बसले. तिथूनच म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं जातो."

मी आत उभी. राग तर होताच, पण त्याहून मोठी भीती होती. नळ येऊन पाच दिवस झाले होते, माठाशिवाय न्हाणीतल्या पिंपात काय ते पाणी उरलेलं. मी बादली भरली, माशांच्या टाकीपाशी आदळली आणि ओरडले, "बसलात काय? या की! निम्मं पाणी काढा, मासे मरतायत!"

ते आले. आम्ही दोघांनी तांब्यातांब्यानं हिरवं पाणी काढलं, नवं घातलं. मग मामांनी टाकीवर गोणपाट टाकलं, खिडकीला पडदा लावायला सांगितलं. "तणाला ऊन तोडायचं. गवत तग धरंल, त्याला मूळ हाये." त्या आठवड्यात आम्ही कपडे धुतले नाहीत. सकाळची गाडी गेली, कोणी तिचं नाव काढलं नाही.

गोणपाट काढलं तेव्हा पाणी पुष्कळ निवळलं होतं. हळूहळू पाती तजेलदार झाली, दाट झाली, आणि शेवाळ खरंच हटलं. मासे गवतातून सुळकन निघायचे. शेजारीणसुद्धा बघायला आली आणि तोंड वाकडं करून म्हणाली, "छान आहे हो." सगळं बराबर जमलं.

तेच वाईट झालं. काच स्वच्छ, खरवडायला काही नाही. खुडायला काही नाही. मामा ब्रश हातात घेऊन उभे राहायचे आणि ठेवून द्यायचे. पुन्हा पहाटे कडी वाजायला लागली. "आता यात माझं काय काम? गवत करतंय सगळं." परतूरच्या गाडीची चौकशी पुन्हा सुरू झाली.

मग दुपारी ते गल्लीत गेले की मी खिडकीचा पडदा बाजूला करायला लागले. दुपारचं ऊन थेट काचेवर. ते यायच्या आत पुन्हा ओढायचा. थोड्या दिवसांत काचेच्या कोपऱ्यांत हिरवं शेवाळ दिसलं. "अरेच्चा, आलं का परत?" मामा म्हणाले आणि ब्रश शोधायला लागले. मला हायसं वाटलं.

पण शेती केलेला माणूस, ऊन कुठून येतं हे त्याला कळणार नाही? एके दुपारी मी पडदा सरकवत होते आणि मागून आवाज आला, "पोरी."

मी तशीच उभी. हात पडद्यावर.

"माणूस थांबवायला वावरात तण सोडतं का कोणी? तोंड हाये ना तुला? शिव्या देताना बराबर चालतंय. मंग हे सांगायला काय झालं?"

मला कधी शब्द अडल्याचं आठवत नाही. त्या दिवशी अडला. भांडायला शंभर शब्द, आणि हे एवढंसं तोंडातून निघेना. शेवटी रडू आलं तेव्हाच बोलले, "जाऊ नका, मामा. मला एकटीला करमत नाही या घरात."

ते खाली जमिनीवरच बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"लेक म्हणला, राहावं लागंल. डाक्टर म्हणला, राहाच. जाऊ नका, असं कोणी म्हणलंच न्हाई, माय. मी त्याचीच वाट पाहून राह्यलो होतो."