जहाजाच्या खुंट्याची गदा

माझ्या वडिलांचा उजवा हात गेल्या वर्षी लकव्यानं गेला, आणि त्या हाताला जी एक वस्तू मानवत होती, ती माझ्या धाकट्या भावानं नेऊन पुढाऱ्याच्या वाढदिवसाला भेट दिली. हे सांगायला बसले की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. लोक म्हणतात, जाऊ द्या, भाऊच आहे. कावून? का म्हणून जाऊ द्यायचं?

वस्तू म्हणजे लाकडाचा एक खुंटा. दादा, म्हणजे आमचे वडील, नौदलात खलाशी होते. बीडजवळच्या पालीच्या तळ्यात पोहायला शिकलेला पोरगा तिकडं थेट समुद्रावर गेला. तिथं इंग्रजांच्या वेळचं एक शिडाचं लढाऊ जहाज होतं. लढाया कधीच संपल्या होत्या, पण नव्या खलाशांना दोर आणि शिडं शिकवायला ते ठेवलेलं. पुढं ते मोडीत काढलं, तेव्हा ज्यांनी त्याच्यावर घाम गाळला त्यांना आठवणीला एकेक तुकडा मिळाला. बाकीच्यांनी पितळ उचललं. दादांनी खुंटा उचलला.

असे खुंटे जहाजाच्या कठड्याला ओळीनं खोचलेले असायचे आणि शिडाचा दोर त्यांना गुंडाळून अडकवायचा, असं दादा सांगायचे. हातभर लांब, काळं, जड लाकूड. खाली बारीक, वर फुगीर मूठ, आणि मुठीखाली दोर घासून घासून पडलेल्या खाचा. आईनं एकदा त्यानं मिरच्या कुटल्या होत्या. कधी आवाज न चढवणारा माणूस त्या दिवशी जेवला नाही. आई म्हणाली, "एवढं काय सोन्याचं हाय त्यात?" पण परत कधी हात लावला नाही.

लकव्यानंतर दादांची बोटं मिटेनात. डॉक्टरनं दाबायला रबरी चेंडू दिला. दादांनी तो अंगणात भिरकावला आणि वाकड्या तोंडानं म्हणाले, "मी काय लेकरू हाय का?" मी कोनाड्यातला खुंटा काढून त्यांच्या तळव्यावर ठेवला. काय सांगू, बोटं आपोआप त्या खाचा शोधत गेली. ज्या खाचा दोरानं पाडल्या त्या ह्या माणसाच्या बोटांना पाठ होत्या. तेव्हापासून रोज सकाळी ओट्यावर बसून ते खुंटा धरायचे, सोडायचे, परत धरायचे. उन्हाळा लागेपर्यंत चहाची बशी स्वतः धरायला लागले. पहिल्यांदा धरली तेव्हा मी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मग मी वडवणीला सासरी, माझ्या घरी गेलते. आठवड्याच्या बाजारातून भाजी घेऊन आले, फोन उघडला, तर भावाच्या स्टेटसला फोटो. साहेबांना फेटा, गळ्यात हार, शेजारी आमचा बहाद्दर दात काढून उभा, आणि दोघांच्या हातात मिळून एक चंदेरी गदा. गदेची मूठ पाहिली आणि माझ्या हातातली पिशवी खाली पडली. चांदीचा रंग मारला म्हणून मी ती मूठ ओळखणार नाही होय?

फोन लावला. म्हणाला, "अक्का, गदाच दिसत होती ती. बाजारातल्या पत्र्याच्या गदा समदेच देतात. आपली अस्सल लाकडाची, लढाईच्या जहाजावरची. साहेब लई खूश झाले. तिकिटाचं बोलणं चालू हाय माझ्या."

"आन दादांच्या हाताचं?"

"त्यांना चेंडू हाय की."

आता ह्याला काय म्हणावं? आमच्याकडं वाढदिवस म्हटलं की गदा, तलवार, क्रेनला टांगलेला हार, हे ठरलेलंच. तुला द्यायची तर दे ना बाबा, बाजारातून आणून दे. स्वतःच्या बापाच्या हातातून काढून देतात होय? गाडीचं डेंटिंग-पेंटिंग करणाऱ्याकडून त्यानं ती गदा करून घेतली होती. त्या रंगाऱ्यानं बिचाऱ्यानं विचारलंही, ह्या खाचा पुट्टीनं भरू का तशाच ठेवू? आमचे शहाणे म्हणाले, भर, गुळगुळीत दिसली पाहिजे.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं बीड गाठलं आणि तिथून गावी आले. दादा ओट्यावर बसले होते. उजवा तळवा मांडीवर उघडा. मला पाहून म्हणाले, "बाई, तुझ्या भावानं खुंटा धुवायला नेलाय. अजून आणला न्हाई." एवढं ऐकलं आणि मी चपला काढल्यासुद्धा नाहीत. भावाला म्हटलं, गाडी काढ.

साहेब बंगल्यावर नव्हते. त्यांच्या माणसानं आधी मला वर्गणीवाली समजून खुर्ची दिली, आणि काम कळल्यावर म्हणाला, "मावशी, साहेबांना देलेली भेट कुणी परत मागतं का? माणसात बसता-उठता ना तुमी?" भाऊ मान खाली घालून, "ऱ्हाऊ दे अक्का, इज्जतीचा सवाल हाय," म्हणत माझा पदर ओढत होता. मी म्हटलं, "इज्जत तुझी गेली तर जाऊ दे. माझ्या बापाचा हात जातोय." मग मी तिथंच फरशीवर बसले. मी काही गोड बोलणारी बाई नाही आणि आवाज माझा देवळापर्यंत जातो. त्या माणसानं शेवटी जिन्याखालची खोली उघडली.

आत ढीग होता. गदा, तलवारी, फ्रेमा, छोट्या बैलगाड्या, सगळ्यांवर धूळ. साहेब लई खूश झाले होते म्हणे. किती खूश, ते मी भावाला हात धरून दाखवलं. मग एकेक गदा उचलायला लागले. पत्र्याच्या पोकळ गदा कागदासारख्या उचलल्या जात होत्या. एक मात्र हाताला जड लागली. तीच आमची.

घरी येऊन दादांच्या हातात दिली. त्यांना डोळ्यांनी आता अंधुकच दिसतं. त्यांनी तळवा वरून खाली फिरवला, परत वर नेला, बोटं चाचपडत राहिली आणि घसरली. मग त्यांनी ती माझ्याकडं सरकवली. म्हणाले, "लोकाची वस्तू कावून आणलीस, बाई? देऊन ये त्याह्यला."

मला रडू आलं नाही, इतका संताप आला. भावाच्या हातात पेचकस दिला, दादांच्या पुढ्यात बसवलं आणि म्हटलं, काढ. जेवढं भरलंस तेवढं सगळं काढ. साहेबांच्या माणसाचे फोन येत राहिले, मी उचलू दिले नाहीत. पुट्टी दगडासारखी धरली होती. तिच्याबरोबर लाकडाचे कपचेही निघत होते. दिवस कलला तेव्हा एक खाच मोकळी झाली.

दादांनी तिच्यात अंगठ्याजवळचं बोट बसवलं आणि बराच वेळ तसंच ठेवलं. मग माझ्या भावाला म्हणाले, "हां, हा आपला. बाकीचा कुठं हाय, लेका?"