ओ कोणी दिली?

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी पदराआड हसायचे. गवत कापायला मसणवटीच्या कडेने एकटी जाते, कधी काही दिसलं नाही. पण हे एवढं मनातून जात नाही... म्हणून लिहिते आहे. कोणाला दाखवीन असं वाटत नाही.

आमचं गाव किन्हवलीच्या पुढे, शहापूर तालुक्यात. माझी मनीषा बारावी झाली आणि म्हणाली, कॉलेज एक वर्षाने. आधी एका संस्थेचं काम करणार, बिनपगारी. सहा महिने मुरबाडकडच्या एका वाडीत मुलांना शिकवायचं, मग नेपाळात.

"पगार नाय तं जाते कशाला?" माझी जाऊ सुमन म्हणाली. "पोरंच शिकवायची तं माझी दोन हायेत, घेऊन जा!"

मुरबाडचे दिवस बरे गेले. सुट्टीला एसटीने यायची. नेपाळला निघाली तेव्हा मात्र मला राहवेना. आमची जुनी माणसं सांगायची तेच मी तिला सांगितलं, "मने, रानात कोणी एकदाच हाक मारली तं ओ द्यायची नाय. माणूस असला तं परत मारतो."

ती हसली. "मंग शेजारी माझा फोन आला तं तू दुसऱ्या घंटीला उचलशील काय गो?"

दिवाळी होऊन गेली होती. दुपारी मी आणि सुमन खळ्यावर भात पाखडत होतो. ओढ्याकडून हाक आली — "आये!"

मनीचीच. शेवटी आवाज वर चढवायची तिची सवय, तशीच. पण घाबरलेली... ओ अगदी ओठावर आली. मी पदर तोंडात कोंबला. पोरगी नेपाळात, मग इथे कोण? दुसऱ्या हाकेची वाट बघत राहिले. आली नाही. सुमन खाली मान घालून पाखडतच होती. मी सूप खाली ठेवलं.

मनी परत आली ती वाळलेली. चहा पिताना म्हणाली, "आये, तिकडे शाळेतून येताना एकदा धुकं उतरलं. वाट दिसेना. मी येड्यासारखी तुला हाक मारली. आणि तू ओ दिलीस! खालून, अगदी जवळून. मी धावतच निघाले. बरोबरच्या मुलीने मागून बॅग ओढली म्हणून... पुढे कडाच होता."

"कधी गो?"

"दिवाळीनंतर. दुपारची."

मी बशी खाली ठेवली. "हाक ऐकली मी. पण ओ नाय दिली, मने. देवाशपथ."

सुमन दारात भाजी निवडत होती. तिचे हात थांबले.

"दिलीस की," ती म्हणाली. "खळ्यावर. मी ऐकली ना. मला वाटलं, कोणाला ओ देते ही..."



धुक्यात भास होतो, असं मनी म्हणते. पण आमच्या खळ्यावर तर लख्ख ऊन होतं.

पुढच्या आठवड्यात ती संस्थेबरोबर परत नेपाळला निघते आहे. मी अडवलं नाही. एवढंच म्हटलं, "वाट चुकलीस तं मला हाक मारू नको."

"मंग कोणाला मारू, आये?" तिने विचारलं.