नऊ नंबरचा बिल्ला

मुंबईच्या विमानतळावर माझी सगळी नोकरी एकाच कामात गेली — अपघात कुठून होऊ शकतो, ते तो होण्याआधी शोधायचं. अशा माणसाच्या डोक्यात भुताखेतांना जागा नसते. कुणी असलं काही सांगायला लागलं की मी आधी विचारायचो, "खिडकी उघडी होती का?" घरचे त्यावरून मला अजून चिडवतात. तरी हे लिहितोय, कारण त्या दिवशी खिडकी मी स्वतः बघितली होती...

गोष्ट ऐंशीच्या दशकाच्या शेवटची, ऑक्टोबरातली. धुळ्याच्या बाहेर एक लहानशी धावपट्टी होती, क्वचित एखादं विमान उतरायचं. मी मूळचा खानदेशातल्या बोदवडचा, तिकडची भाषा समजते म्हणून पंधरा दिवस तिथली व्यवस्था लावायला मला पाठवलं. पावसाळ्यानंतर पट्टीच्या दोन्ही बाजूंना कमरेएवढं गवत माजलेलं, आणि ते कापायला जवळच्या गावातल्या बारा बायका. मी आमच्याकडची पद्धत तिथे सुरू केली — कामावर जाताना प्रत्येकीने माझ्या खोलीतल्या फळ्यावरून आपल्या नंबरचा पितळी बिल्ला न्यायचा, परतल्यावर खिळ्याला टांगायचा. बाराही खिळे भरले की पट्टी मोकळी. त्याआधी विमानाला होकार द्यायचा नाही. एकदम बिनचूक पद्धत, असं मला वाटायचं.

त्या दिवशी दुपारी काही अधिकाऱ्यांना घेऊन विमान येणार होतं. बायकांना मी वेळेवर परत बोलावलं. चौकीदार नाना दारातूनच म्हणाले, "साहेब, बठ्ठा बिल्ला टांगेल शेतस." मी मोजले. बारा. बाहेर बघितलं तर पट्टीच्या लांबच्या टोकाला उन्हाने नुसतं पाणी साचल्यासारखं दिसत होतं, त्यापलीकडचं काही कळेना. पण फळा भरलेला होता ना... नाना पाणी आणायला गेले आणि खोलीत मी एकटाच उरलो.

तेवढ्यात टक् टक् असा आवाज आला. वळून बघतो तर नऊ नंबरचा बिल्ला खिळ्यावर हलत होता. बाकीचे अकरा गप्प. मी तो बोटांनी धरून थांबवला. खिडकी बंद, वीज गेल्यामुळे पंखा बंद. बाहेरची वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवीसुद्धा मेल्यासारखी लोंबत होती.

बिल्ला पुन्हा हलला. या वेळी जोरात. मी तो पूर्ण मुठीत घेऊन फळ्यावर दाबून धरला... आणि खरं सांगतो, तो आतून ओढ घेत होता. मी झटकन हात सोडला.

बॅटरीवरच्या रेडिओवर पायलट विचारत होता, पट्टी मोकळी आहे का? विमान त्याच लांबच्या टोकाकडून उतरणार होतं. नियमाप्रमाणे होकार द्यायला काहीच हरकत नव्हती. नकाराचं कारण काय सांगणार होतो, बिल्ला हलतोय? नोकरीवर गदा आली असती. तिसऱ्यांदा तो हलायला लागला. माझा हात पुढे गेला, पण त्याला शिवायची हिंमत झाली नाही.

"थांबा," मी पायलटला म्हणालो. "उतरू नका. वरच फेरी मारा."

बाहेर येऊन ओरडलो, "नऊ नंबर कुणाचा?" बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. "कलाबाईना," एक जण घाबरत म्हणाली. "आत्तेच तिनी मनाजोडे दिधा व्हता. मीच टांगी दिधा, साहेब. ती मांगेच ई राहिंथी."

मैत्रिणीची फळ्यापर्यंतची एक खेप वाचावी, एवढाच तिचा हेतू. माझी बिनचूक पद्धत तिथे संपली.

जीप घेऊन मी आणि नाना त्या टोकाला गेलो. कलाबाई पट्टीच्या मधोमध पडलेली, उन्हाने अंग भाजत होतं, डोळे अर्धे मिटलेले. विमानाची चाकं टेकतात नेमकी ती जागा. तिला जीपमध्ये घातलं तेव्हा मी रडत होतो, हे नानांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तिला भेटायला गेलो. शुद्धीवर होती. हळूच म्हणाली, "साहेब, मना आवाजच निंघे ना. तुमले दिसाले पाहिजे म्हनीसन मी हात हालाई राहिंथू. पन कोनी तरी मना हात धरा. मंग परत हालाडा, तं दाबीच धरा. तिसरी दाव कोनी धरा नहीं..."

कोण होतं, असं तिने मलाच विचारलं.

बिल्ल्याला मी हात लावल्याचं तोवर कुणालाही सांगितलं नव्हतं. खोलीत दुसरं कुणी नव्हतंच. तिच्या मनगटाजवळ चार बोटांचे लालसर वळ होते. ते पाहून मी माझा उजवा हात खिशात घातला.

यावर मी पुष्कळ डोकं लढवलंय. कुठलंच कारण पुरत नाही. मुंबईला परतल्यावर आमच्या फळ्यावर शंभराच्या वर बिल्ले असायचे आणि विमानांच्या हादऱ्याने ते सारखे हलायचे. निवृत्त होईपर्यंत मी त्यातल्या एकालाही हाताने थांबवलं नाही.