बाईंचं आमेन

माले नावाच्या खेड्याजवळ माझी स्कूटर पंक्चर झाली. पंक्चरवाला जेवायला गेला होता, म्हणून शेजारच्या घरातल्या गृहस्थांनी मला ओसरीवर बसवून घेतलं. ते तिथल्या लहानशा चर्चचे पाळक. बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून ते तिला रहस्यकादंबरी वाचून दाखवत होते, तीही प्रवचनाच्या खणखणीत आवाजात. जरा थांबले की बाई म्हणायच्या, "अहो, वाचा की, खुनी पळंल!" आणि प्रकरण संपलं की सवयीनं, "आमेन."

शेवटून दुसरं प्रकरण संपलं, पण आमेन आलं नाही. बाईंना झोप लागली होती.

मी कादंबरीचं शेवटचं पान आधी वाचणारा माणूस. मला राहवेना. "त्या उठेपर्यंत तुम्ही बघून घ्या ना, खुनी कोण ते."

त्यांचा अंगठा शेवटच्या पानांपर्यंत गेलासुद्धा. मग त्यांनी जुन्या प्रवचनाचा कागद खुणेला घातला आणि पुस्तक बाईंच्या उशाशी ठेवलं.

"लई वाटतंय हो. पण मग मला ठावं आन् हिला न्हाई. उद्या वाचताना नुसता आवाज काढत बसावं लागंल."

संध्याकाळी बायकोनं मला मालिकेचा शेवटचा भाग बघायला बोलावलं. तो मी आदल्या दिवशी ऑफिसात एकट्यानं पाहिला होता. तिच्या शेजारी बसून मी मोठ्यानं दचकलो.

बायको माझ्याकडे बघत म्हणाली, "अहो, अजून दार उघडलं नाही."